स्टिअरिंगखालचं बटण

इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकायला लागला, तरी पंखा काही फिरेना.

"बॅटरीवरून थेट करंट दिला तर भिंगरीसारखा फिरतो," बॉनेटखाली डोकं घालून मेकॅनिक म्हणाला. "फ्यूज शाबूत, पाणी काठोकाठ. मग घोडं अडतंय कुठे? ताई, आधी या गाडीचं काम कोण बघायचं?"

"बाबाच बघायचे सगळं."

बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. गॅरेजमध्ये आल्या आल्या ते सवयीने तिकडेच गेले, तेव्हा मेकॅनिक म्हणाला होता, "बसू द्या काकांना. चाकांना दगड लावलेत, गाडी कुठे पळून जातेय!" मग लेक शेजारच्या सीटवर बसली. बाबांच्या हातात होती तोवर ही गाडी कधी तापली नव्हती. मुलीच्या हातात आल्यापासून मात्र बयेने प्रत्येक चढावर वाफा सोडायला सुरुवात केली होती.

बाबांना विचारण्यात काही अर्थ नव्हता. सकाळीच त्यांनी तिला विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडे आलात?" आज एकदा तरी ते आपल्याला ओळखतील, एवढी एकच आशा धरून ती रोज उठायची. रोज पहिले पाढे पंचावन्न.

पत्र्याखाली दुपार पेंगत होती. इंजिनाची एकसुरी घरघर, गरम तेलाचा वास. बॉनेटच्या कडेने हवा थरथरत होती आणि पलीकडची भिंत पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. तिचे डोळे जड झाले. लहानपणी मागच्या सीटवर याच घरघरीत तिला झोप लागायची, आणि जाग यायची ती बाबांच्या खांद्यावर.

"बंद करा, ताई! उकळेल आता!"

ती दचकून किल्लीकडे हात नेणार, तोच बाबांनी काट्यावर एक नजर टाकली. त्यांचा हात सावकाश स्टिअरिंगखाली गेला, अंधारात घरच्या दाराची कडी सापडावी तसा. टक् आवाज झाला. पंखा घुमायला लागला.

"आयला!" मेकॅनिकचं डोकं बॉनेटवर आपटलं. "चोरबटण! काकांनी पंखा थेट बटणावर घेतलाय, आणि मी बसलोय वायरी चिवडत!"

काटा उतरू लागला. ती बाबांकडे बघत राहिली. हाताला आठवलं, म्हणजे बाकीचंही आठवेल.

"बाबा?"

ते वळले आणि पाहुण्यांशी हसावं तसं अदबीने हसले. "चढ लागला की हे दाबायचं. माझ्या मुलीला सांगायचं राहूनच गेलं बघा. तुम्हाला भेटली तर सांगाल?"

तिला हमसून रडावंसं वाटलं. ती म्हणाली, "सांगीन. पण नेमकं कुठे आहे, मला दाखवा ना."

त्यांनी तिचं बोट धरलं, स्टिअरिंगखालच्या काळोखात नेलं आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या एका बटणावर टेकवलं.

"तिलाही असंच बोट धरून दाखवा," ते म्हणाले. "नुसतं सांगून तिच्या डोक्यात शिरत नाही."