पाचवा पत्ता

पुन्हा वाऱ्याचाच पत्ता निघाला. फुलाबाईनं तो पालथा घातला आणि चुलीकडं बघत म्हणाली, "घ्या. आजबी कुनी येत न्हाई."

आज तर शेवटचा दिवस होता. दुपारी लेक नूतन तिला पुण्याला न्यायला येणार होती. कपड्यांच्या दोन पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. नवऱ्याला, गेनूबाबाला, जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्या वर्षात पासली गावातलं एक माणूस तिच्या ओटीवर टेकलं नव्हतं. येता-जाता अंगणातूनच 'बरं हाय का' विचारायचे आणि चालते व्हायचे. पुढं पुढं तेही थांबलं. नवरा गेला आणि त्याच्या मागं गावही गेलं, हे फुलाबाईच्या मनात पक्कं बसलं होतं. एकटेपणानं ती खंगून गेली होती. तरी तिनं मनाशी एक ठरवलं होतं. नूतन यायच्या आत एक जरी माणूस येऊन घडीभर बसलं, तर घराला कुलूप लावायचं नाही.

पत्ते नूतननंच दिवाळीला आणून दिले होते. ती पुण्यात ध्यानाच्या वर्गाला जायची, तिथले. चांगले जाड, तळहाताएवढे. एकावर माती, एकावर पाणी, एकावर जाळ, एकावर वाऱ्यानं वाकलेलं गवत. रोज सकाळी एक उचलायचा, चित्राकडं बघायचं, डोळे मिटायचे आणि स्वतःला विचारायचं, हे माझ्यात कुठं आहे. पुढचं काही हे पत्ते सांगत नाहीत, असंही नूतननं दोनदा बजावलं होतं.

पण फुलाबाईचा जन्म देवीला कौल लावण्यात गेलेला. मूर्तीला चिकटवलेली कळी उजवीकडं पडली की होय, डावीकडं पडली की नाही. स्वतःला विचारून कधी कुणाला काय कळलंय? मग ती पत्त्यांनाच विचारायची, आज कुणी येईल का. माती निघाली की कुणीतरी शेताच्या कामानं येईल. पाणी निघालं की तांब्या भरून ठेवायचा. जाळ निघाला की चहाचं आधण. वारा निघाला की दिवस गेला वाऱ्यावर. तांब्या भरून भरून शिळा व्हायचा आणि आधण आटून जायचं, पण पत्त्यांवर तिचा राग नव्हता. राग गावावर होता.

खरं तर पत्ते होते पाच. पण पाचव्यावर चित्रच नव्हतं, नुसता फिकट निळा रंग. देवळात गडीमाणसं खेळायला बसली की जोकर काढून बाजूला टाकतात, हे तिनं आयुष्यभर बघितलेलं. हाही तसलाच जास्तीचा, असं समजून तिनं त्याची चार पदरी घडी केली आणि बाजेच्या आखूड पायाखाली सारली. बाज हलायची थांबली, तेवढाच उपयोग.

बाज गेनूबाबाची. ओटी ती केवढी, बाजेनंच भरलेली. आत जायचं तर अंग चोरून जावं लागायचं. फुलाबाई रोज तिच्यावरची घोंगडी झटकायची, उशी नीट करायची, आणि दिवसभरात काय झालं ते त्या उशीलाच सांगायची. दुसरं होतं कोण?

नूतन आली. पत्ते पिशवीत टाकायला घेतले, तर चारच. पाचवा कुठं गेला म्हणून विचारलं तर आई म्हणाली, बाजेखाली. नूतनला आधी हसूच आलं. पण पत्ता तिला हवाच होता. बाज उचलून धरायला ओटीत जागा नव्हती, म्हणून दोघींनी धरून ती सरळ अंगणात नेऊन ठेवली.

नूतननं घडी उलगडली. "आये, हे आकाश हाये. ह्याच्यावर काही नसतंच. माती, पाणी, जाळ, वारा, सगळ्यांना मोकळी जागा लागती. ती ही."

"मोकळं तर वर्सभर बघतीय," फुलाबाई म्हणाली.

तेवढ्यात शेजारची साळूबाई आली. वाटेसाठी भाकरी बांधून आणली होती तिनं. पायरीपाशीच थांबली. फुलाबाईला राहवलं नाही.

"जायच्या दिवशी आलीस, साळे. वर्सभर कधी घडीभर टेकली न्हाईस."

साळूबाईनं भाकरीचं फडकं पायरीवर ठेवलं. "टेकू कुठं? तेराव्याला बाजंवर बसाय गेले, तर दंडाला धरून उठिवलंस मला. ही त्यांची जागा हाये म्हनलीस. समद्या गावानं बघितलं. मंग कोन बसंल?"

फुलाबाईला आठवलं. साळूबाईचा दंड, आपली बोटं, सगळं आठवलं. ती ओटीकडं वळली. सारवलेल्या जमिनीवर बाजेच्या पायांचे चार खळगे पडले होते आणि त्यांच्या मधोमध दुपारचं ऊन येऊन पडलं होतं. वर्षभरात ते तिथं आलं नव्हतं.

तिनं अंगणातल्या बाजेवरची घोंगडी उचलली. त्या चार खळग्यांच्या मधे स्वतःच्या हातानं अंथरली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

"बस," ती म्हणाली.

साळूबाई पायरी चढून आली आणि मांडी घालून बसली. फुलाबाईनं तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला. मग दाराशी ठेवलेल्या दोन्ही पिशव्या उचलून आत नेल्या आणि नूतनच्या हातातला निळा पत्ता तेवढा काढून घेतला.

"हे चार घिऊन जा तू," ती लेकीला म्हणाली. "ह्यो एवढा ऱ्हाऊ दे. बाकीचे येत्याल आपल्या पायानं."