मिशीची पैज

“शुक्रवारच्या गाडीने माझी बायको आली नाही, तर भर चौकात मिशी काढीन,” झुलाल म्हणाला.

छगनच्या हातातली किटली तशीच राहिली. टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. धुळ्यात पैजा लावणारे पुष्कळ, पण बाप जिवंत असताना मिशी पणाला लावणारा हा पहिलाच. बाप गेला की मिशी उतरायची, हा रिवाज. त्याच्या डोळ्यांदेखत उतरवायची म्हणजे जित्या माणसाचं तेरावं घालायचं.

“आणि ती आली तर?” छगनने विचारलं.

“तू लुगडं नेसून गल्लीभर पाणी भरायचं.”

“नऊवारी?”

“नऊवारी. मी नेसवतो.”

टपरी हसली. झुलालच्या हातचं लुगडं चापूनचोपून बसायचं. नवरी सजवायला बायका त्यालाच बोलवायच्या. नाटक कंपनीत कपडेपटावर होता म्हणे.

“बठ्ठ्यास्नी ऐकं ना?” छगन सगळ्या टपरीला साक्षीला धरत म्हणाला. “मंग आते फिरानं नही.”

झुलाल हसला नाही. चहा तसाच ठेवून घरी गेला.

दोन वर्षांपूर्वी जीवराम आबा भडगाव सोडून या गल्लीत आले, तेव्हा सोबत हा लेक आणि कडेवर नात होती. सून सुंदरबाई कंपनीबरोबर गावोगाव फिरते, आज चाळीसगावला तंबू तर उद्या खामगावला, असं आबांनीच गल्लीला सांगितलं होतं. गल्लीने सुंदरबाईला पाहिली ती भिंतीवरच्या फोटोत. नाकात नथ, मानेवर अंबाडा, वरच्या ओठावर डावीकडे ठसठशीत तीळ. छगन कधी विस्तव मागायला यायचा, कधी घड्याळ बघायला. घड्याळ फोटोच्या शेजारी होतं.

त्या फोटोखाली आता यशी पडून होती. पाच-सहा वर्षांची पोर. मुदतीचा ताप उतरला, पण तोंड उघडेना. पेज नाही, औषध नाही, मोसंबीचा रस गालावरून ओघळून उशीत जायचा.

“आई भरवेल,” एवढंच म्हणायची आणि दात आवळून फोटोकडे बघत राहायची.

पैजेच्याच दिवशी सकाळी डॉक्टरने तिचा हात उचलून सोडून दिला होता. हात पडला तसाच राहिला.

“पोटात काही गेलं तर पोर तुमची,” डॉक्टर म्हणाला. “नाही गेलं तर माझ्याजवळ इलाज नाही.”

डॉक्टर गेल्यावर झुलालने आबांचे पाय धरले होते.

“आबा, तिला एकदा येऊ द्या. एकदाच.”

“या उंबऱ्यात ती येणार नाही.”

“यशी जाईल, आबा.”

“भूक लागली की खाईल. पोरं उपाशी राहत नाहीत.” आबांनी पाय ओढून घेतले. “भडगाव मी कशापायी सोडलं? लोक दारावरून हसत जायचे. तू मला शब्द दिला होता, झुलाल. मी डोळे मिटेपर्यंत मला तिचं तोंड दिसायला नको.”

असं म्हणून आबा नातीच्या पायाशी बसले आणि पांघरुणात हात घालून तिचे गार तळवे चोळायला लागले. तिच्याकडे बघायची मात्र त्यांची हिंमत होत नव्हती. झुलाल उठला आणि तडक टपरीवर गेला. पैज लागली ती त्यानंतर.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, छगन धुतलेला सदरा घालून स्वतः स्टेशनात हजर. चाळीसगावची गाडी आली. दोन वकील उतरले, कापसाचे दलाल उतरले, एक बकरी उतरली. डबे रिकामे झाले तरी छगन वाकून आत बघत होता.

चौकात परत आला तो मान खाली घालून. गल्ली जमलीच होती.

“नाही आली रे,” तो हळूच म्हणाला. “मी हसत लुगडं नेसलो असतो. जाऊ दे, झुलाल. पैज सोडली.”

“मी नाही सोडली.”

झुलाल पिंपळाच्या पारावर बसला. मगन न्हाव्याला त्याने आधीच बोलावून ठेवलं होतं. झुलालच्या हाताशी पेजेची वाटी होती. समोर शेजारची धुरपदाबाई यशीला खांद्यावर टाकून उभी होती. पोरीचं डोकं वाळक्या वेलीसारखं लोंबत होतं.

“पोरीला कशाला आणलं इथे?” कोणीतरी विचारलं.

“मीच सांगितलं,” झुलाल म्हणाला.

“आणि हजामतीला पेज?” मगन म्हणाला. “साबण आणलाय मी.”

तेवढ्यात काठी आपटत आबा आले.

“अजून जिवंत आहे मी. कोण वस्तरा लावतो ते बघतो.”

“आबा, होळीला छगन पैज हरला, तेव्हा त्याला गाढवावर कोणी बसवलं?” झुलाल पारावरूनच म्हणाला. “चौकातला शब्द बापालाही मोडता येत नाही, असं कोण म्हणालं?”

गल्ली आबांकडे बघायला लागली. आबांनी लेकाकडे पाहिलं. मग वाटीकडे. मग, त्या दिवसांत पहिल्यांदाच, नातीच्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं.

“मगन,” ते म्हणाले, “वस्तऱ्याला धार लाव. कापू नकोस त्याला.”

आणि पाठ फिरवून उभे राहिले.

मगनने साबण चोपडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, छगनने उसनं हसून टाळ्या पिटल्या. वस्तरा उजवीकडून डावीकडे गेला. झुलालने डोक्यावरची टोपी काढून खाली ठेवली. मगनने ओलं फडकं फिरवलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

शिट्ट्या बंद झाल्या. छगनच्या टाळ्याही.

वरच्या ओठावर, डावीकडे, ठसठशीत तीळ होता.

धुरपदाबाईच्या खांद्यावरून यशीने मान उचलली.

“आई,” ती म्हणाली, आणि पेजेसाठी तोंड उघडलं.