टीव्हीवर काय दिसतंय?

माझ्या खोलीतल्या सर्व्हरचं ग्राफिक्स कार्ड त्याच्याच पोटात चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला द्यायचं आणि हॉलमधल्या टीव्हीवर मस्त गेम खेळायचे, एवढंच माझं स्वप्न होतं. टीव्हीपर्यंत वायरही नेली होती; मशीन चालू झालं की टीव्ही आपोआप त्याच्यावर जायला हवा होता. पण ते मशीन कार्ड काही केल्या घेईना. प्रत्येक वेळी ते चालू करून मी आतून ओरडायचो, "बाबा, टीव्हीवर काय दिसतंय?" आणि बाबा हॉलमधून ओरडायचे, "मालिकाच!"

मी सेटिंग्ज बदलल्या, कार्ड उपसून पुन्हा बसवलं, सगळं पुसून नव्याने टाकलं. बाबांचं आपलं "मालिकाच!"

शेवटी डोकं धरून त्यांच्याशेजारी सोफ्यावर येऊन बसलो. "हरलो, बाबा. विकून टाकतो सगळं."

"विक. आणि जाता जाता हा टीव्हीही देऊन टाक, पार बिघडलाय."

"आता याला काय झालं?"



"अरे, मालिका ऐन रंगात आली की मध्येच निळा पडदा येतो आणि तुझं नाव लिहून पासवर्ड मागतो! नशीब, तू हाक मारायच्या आत मी रिमोटने घालवतो."