लुकतानचं तिकीट

"चारशे, दोनशे आणि चाळीस," खिडकीतल्या बाईने मान वर न करता सांगितलं.

धबधब्याच्या फाटकावर पाटी होती. थाई माणसाला चाळीस बाट, हे थाई आकड्यांत. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला कळूच नये. परदेशी माणसाला चारशे, हे ठसठशीत इंग्रजी आकड्यांत. लहान मुलांना दोन्हीकडे निम्मे. हेंकला दोन्ही वाचता येत होते. एकोणीस वर्षं तो इथल्या तंत्रशाळेत पोरांना पंप दुरुस्त करायला शिकवत होता आणि दरसाल कर भरत होता.

एरवी सायफोन नवऱ्याला टोपी डोळ्यांवर ओढून गाडीतच बसवायची आणि स्वतः उतरून तिकिटं आणायची. आज तो हट्टाने उतरला. इथे राहणाऱ्या परदेशी माणसांना सरकारच देतं ते गुलाबी ओळखपत्र त्याने खिडकीतून आत सरकवलं. बाईने ते उलटसुलट पाहिलं आणि परत केलं.

"हे आता चालत नाही, काका. वरून हुकूम आहे."

"बरं. माझे चारशे घ्या," हेंक दात आवळून म्हणाला. "पण हे दोनशे कुणाचे?"

बाईने लुकतानकडे हनुवटी उडवली. लुकतान बारा वर्षांची. मक्याच्या कणसासारखे पिवळे केस आणि घारे डोळे, दोन्ही बापाकडून आलेले.

"माझी मुलगी आहे हो ती," सायफोन पुढे झाली. "इथल्याच दवाखान्यात झालीय."

"मग ओळखपत्र दाखवा तिचं."

ते घरी होतं, शाळेच्या दप्तरात. पोहायला निघालेलं पोर दप्तर कशाला घेईल?

"मावशी, माझे वीसच होतात," लुकतान म्हणाली. दक्षिणेतल्या त्या भरभर, तुटक बोलीत म्हणाली, जी बँकॉकच्या माणसालाही धड कळत नाही. "शाळेची सहल आली होती तेव्हा तुम्हीच वीस घेतले होते."

रांगेत मागे कुणीतरी हसलं. "गोरी पोपटासारखी बोलते की!"

"हल्ली मोबाईलवर शिकतात सगळं," दुसऱ्याने माहिती पुरवली.

हेंकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत्ता आमच्या पुढे गेलं ते जोडपं सिंगापूरचं होतं. गाडी लावताना इंग्रजीत भांडत होते दोघं. इथे तोंड मिटून चाळीस-चाळीस दिले आणि गेले आत. त्यांना नाही विचारलं ओळखपत्र?"

"हेंक, मन थंड ठेव. लोक बघताहेत," सायफोनने त्याची बाही ओढली.

मन थंड ठेव. एकोणीस वर्षं ठेवलं होतं. बाजारात कोळंबीचा भाव त्याला बघून चढला तेव्हा ठेवलं, घराची जमीन त्याच्या नावावर होऊ शकत नाही म्हटल्यावर ठेवलं. इथे आवाज चढवणारा माणूस हरलाच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते सगळं त्याच्यापुरतं होतं. पोरीचं काय? तिला जायला दुसरा देश होता कुठे?

बाई काही वाईट नव्हती. तिला हे लवकर आणि गोडीत मिटवायचं होतं. "रागावू नका, काका. असं करू या. पोरी, राष्ट्रगीत म्हणून दाखव बघू. म्हटलंस की वीस."

रांगेतले दोन मोबाईल वर झाले.

शाळेत रोज सकाळी आठ वाजता झेंड्याची दोरी लुकतानच ओढायची. राष्ट्रगीत संपता संपता झेंडा बरोबर टोकाला पोचला पाहिजे, आणि ते तिच्याइतकं कुणालाच जमायचं नाही. ती त्या मोबाईलकडे बघत राहिली. तिचे कान लालभडक झाले होते.

"म्हण ना, बाळा," सायफोन हळूच म्हणाली. "रोजच म्हणतेस. काय जातंय आपलं?"

हेंकला त्या खिडकीतल्या बाईपेक्षा बायकोचा जास्त राग आला. "नाही म्हणणार ती. माकडाचा खेळ मांडलाय का?"

"एकशेऐंशी बाट वाचतात रे."

"मग सगळ्यांनाच म्हणायला लावा," तो रांगेकडे वळला. "हा दात काढतोय ना, याच्यापासून सुरुवात करा. चल रे, म्हण."

त्या माणसाचं हसू मावळलं. मोबाईल मात्र खाली झाले नाहीत. सायफोन दोन पावलं बाजूला सरकली, जणू ती यांच्याबरोबर आलेलीच नव्हती.

लुकतानने बापाच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून शंभराच्या दोन लाल नोटा काढल्या आणि खिडकीत ठेवल्या.

"लहान. परदेशी. एक," ती म्हणाली. या वेळी गावच्या बोलीत नाही, टीव्हीवर बातम्या देतात तशा कोरड्या, शुद्ध थाईत.

बाई ओशाळली. "अगं, गंमत केली मी. दे, वीसच दे."

"नको. वरून हुकूम आहे ना."

बाईने तिकडून नोटा परत ढकलल्या, लुकतानने इकडून पुन्हा आत सारल्या. शेवटी बाईने तिकीट फाडलं. हेंकने उरलेले पैसे दिले. त्याला बरंच काही बोलायचं होतं, पण आता कुणावर ओरडायचं तेच त्याला कळेना.

फाटकावर एक म्हातारा रखवालदार होता. त्याने लुकतानच्या तिकिटाचा कोपरा दुमडला, तिच्या केसांकडे पाहिलं आणि पाठ केलेल्या इंग्रजीत प्रेमाने म्हणाला, "वेलकम टू थायलंड."

"थँक यू," म्हणून लुकतान सरळ पुढे चालू लागली.

सायफोन धावत तिच्या मागे गेली. "अगं, आजोबांच्या वयाचे आहेत ते. हात तरी जोडायचेस."

लुकतानने मागे वळूनही पाहिलं नाही.

"परदेशी माणसं कुठे हात जोडतात, आई?"