गिरणीतली भानामती

मंजुळाबाईनं घडी घातलेला कागद परमेश्वरच्या पुढ्यात आपटला. "हे तुजंच हाय का?"

बीडच्या बसस्टँडसमोरचं परमेश्वरचं सायबर कॅफे. चार कम्प्युटर, त्यातले तीन चालू. वडवणीच्या पल्याडच्या त्याच्याच वाडीतून बाई एष्टीनं निसतं एवढंच इचारायला आलती. उभा जन्म गिरणी चालवलेली बाई. तिच्या भुवया परमेश्वरनं आजपस्तोर पिठानं पांढऱ्याच पाह्यलत्या. आज त्या काळ्या व्हत्या.

त्यानं कागद उलगडलासुदिक न्हाई. कशाचा हाय ते त्याला ठावं व्हतं.

"मावशी, बसा की. चहा सांगतो."

"चहा तुज्या बापाला पाज. तुजंच हाय का, ते सांग."

त्याचंच व्हतं. औरंगाबादच्या एका वेबसाइटला तो लिवायचा. जत्रा, बाजार, पाऊसपाणी, काहीबी. एका लेखाला साठ रुपये मिळायचे. दिवाळीनंतर कंपनीचं फर्मान आलं, की लेखाचे पैसे बंद. लेख जितके जण उघडतील, तितके दहा-दहा पैसे. आन् लिवलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं. परमेश्वरनं सही ठोकली. नारायणगडाच्या मेळ्यावर त्यानं जीव लावून लिवलं, ते सदतीस जणांनी उघडलं. तेवढ्यात तर कॅफेचं भाडंबी निघंना.

मंग त्यानं भानामती लिवली. लई हुशारी केली, बाईचं नाव न्हाई टाकलं, गावाचंबी न्हाई. 'वडवणीकडची, गिरणी चालवणारी एक विधवा' एवढंच. आपल्या वाडीत कुठाय कम्प्युटर, वाचलं तर तिकडं अमेरिकेतले लोक वाचतील, असा त्याचा हिशेब. पर त्या अंगाला गिरणी चालवणारी विधवा व्हती एकच.

"माज्या पिठात बिब्ब्याच्या फुल्या उमटतात?" मंजुळाबाई म्हणली. "बंद गिरणीचा पट्टा आपोआप फिरतो? कवा पाह्यलंस रे तू?"

"पाह्यलं न्हाई, मावशी. हिकडचं तिकडचं ऐकलेलं जोडलं."

"जोडलं! वाडीतल्या आश्रुबाच्या पुतण्यानं हितून कागद काढून नेला. आश्रुबानं पारावर बसून मोठ्यानं वाचला. आज नववा दिस हाय. दळण घिऊन एक माणूस आला न्हाई. मी काय खाऊ, तुजा कागद?"

शेजारच्या कम्प्युटरवरची दोन कॉलेजची पोरं माना वळवून बघाया लागली.

"पूस ते," ती म्हणली.

परमेश्वरनं पान उघडलं. बाईला वाचता येत न्हवतं, पर आकडे कळत. तिनं पानाच्या तळाला बोट लावलं. "हे काय हाय?"

"किती जणांनी उघडलं त्याचा आकडा."

"आत्ता एकानं वाढला. कावून?"

"आपण उघडलं म्हणून."

"मंजी तुला दहा पैसे मिळाले. माज्यादेखत!"

परमेश्वर उठला. काउंटरवरून त्यानं औरंगाबादला फोन लावला. कंपनीच्या राधाकिशनचा आवाज असा, की फोन नसता तरी बीडपस्तोर आला असता.

"परमेश्वर! लई पळतंय तुजं भानामती. दुसरा भाग कवा देतो?"

"सायेब, ते काढून टाका. खोटं हाय. ती बाई माज्या म्होरं उभी हाय."

"मंग मुलाखत घे की बे! फोटो काढ."

"तिची गिरणी बसली, सायेब. माजं लिवलेलं मला परत द्या."

"तुजं? सही केलती तवा काय डोळे झाकलते? ते आता कंपनीचं हाय. तुला लईच पुळका आला आसंल तर 'भानामती खोटी' म्हणून लिव. छापतो. बगू किती जण उघडतात."

फोन बंद झाला. मंजुळाबाईला सगळं ऐकू आलतं.

परमेश्वर काउंटरमागून भाईर आला. खाली मुंडी घालून म्हणला, "मावशी, चुकलो. आज संध्याकाळी पारावर मी सोता उभा राहतो. सगळ्यांम्होरं सांगतो, की हे म्या पोटासाठी रचलं. आन् उद्या सकाळी पयलं दळण माज्या घरचं, तुमच्या गिरणीवर. माजी बायकू मनिषा घिऊन येईल. ते बगून बाकीचे येतील."

मंजुळाबाईनं त्याच्याकडं टक लावून पाह्यलं. मंग हसली. ते हसू काही बरं न्हवतं.

"तुज्या घरात पीठ कुठून येतं, ठावं हाय तुला?"

"तुमच्याकूनच की."

"तू दिसभर हितं. तुला काय ठावं! पारावर वाचलं त्याच्या दुसऱ्या दिशी तुजी मनिषा ज्वारीचं गठुडं डोक्यावर घिऊन माज्या दारावरून गेली. पार वडवणीच्या गिरणीला. सगळ्यात पयली तीच."



"म्या तिला थांबवलं," मंजुळाबाईनं कागद उचलून पिशवीत घातला. "म्हणलं, पोरी, तुज्या लग्नाचा रुखवत माज्या पिठाचा, तुज्या बाळंतपणाचा शिरा माज्या पिठाचा. तूच अशी कावून वागती? तर पोटच्या लेकराला पदराखाली झाकून मला म्हणली, मावशी, तुमी वाईट वाटून घिऊ नका. पर आमचे मालक खोटं कशाला लिवतील?"