बसलेला आवाज

"अजून घसा धरलेलाच?" सोफ्यावर ऐसपैस बसत जर्मन अधिकाऱ्यानं विचारलं.

"शब्द फुटत नाही हो," सिग्रिड नवऱ्याच्या वतीनं म्हणाली.

तिचा नवरा टूरवाल्ड हा नाटकातला नट. त्याचा आवाज अख्खा नॉर्वे ओळखायचा. देश बळकावून बसलेल्या जर्मनांना रेडिओवरच्या बातम्या त्याच आवाजात हव्या होत्या, म्हणून तीन आठवडे आवाज बसल्याचं सोंग चाललं होतं.

अधिकाऱ्यानं नाटकाचं पुस्तक उचलून टूरवाल्डचं गाजलेलं स्वगत वाचायला घेतलं. थांबायचं तिथे धावला, धावायचं तिथे थांबला. सिग्रिडनं नवऱ्याचा गुडघा दाबून धरला.

"तिथे श्वास घ्यायचा नसतो," टूरवाल्ड खणखणीत म्हणाला.

अधिकाऱ्यानं पुस्तक मिटलं. "गाडी खालीच आहे. रेडिओवर येताय की तुरुंगात?"

"तुरुंगात," शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसं टूरवाल्ड म्हणाला.

सिग्रिड त्याचे लोकरीचे मोजे शोधायला आत गेली.