कडेचा तुकडा

बाबांनीच हट्ट धरला, म्हणून रविवारी दुपारी त्यांना पोर्तो अलेग्रेमधल्या त्यांच्या नेहमीच्या हॉटेलात नेलं. वेटर भाजलेल्या मांसाची सळई घेऊन टेबलाशी आला की बाबा लगेच माझ्या ताटाकडे बोट दाखवत.

“कडेचा, चरबीवाला काप. ह्याला वाढ.”

“आणि तुम्हाला, आद्रोआल्दोकाका?”

“माझं झालं रे.”

त्यांचं ताट कोरंच होतं. माझं पोट मात्र तट्ट फुगलं होतं. ‘आता पुरे’ सांगणारी लाल चकती मी वर करायला गेलो, तर त्यांनी हात धरला.

“एवढ्यात दमलास, जिल्मार? तुझ्या वयात मी अख्खी बरगडी एकटा संपवायचो.”

“बाबा, खरंच जात नाही हो आता.”

“एवढा खा. सावकाश चाव.”

अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर बाबांचं जेवण पोटातल्या नळीतून जायचं. ते आता कायमचंच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता समोर पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. माझ्याबरोबर त्यांचाही जबडा हलत होता.

वेटर पुढच्या टेबलाकडे निघाला होता. मी त्याला परत बोलावलं.